बिनडिस्कवाले चाचा

चाचांच्या घरात भाड्याची खोली मिळवायला मला परीक्षा द्यावी लागली होती. लग्न झालंय की नाही, मटण खातोस की नाही, नातेवाईक किती येतात, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. पुढच्या बैठकीतल्या एका कॉम्प्युटरचं झाकण उघडून त्यांनी मला त्याच्यासमोर उकिडवं बसवलं, हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, "मास्तर हायस ना तू कॉम्प्युटरचा? मंग सांग, याच्यात काय नाई?"

मी बडनेऱ्याचा. अकोल्याच्या एका कॉलेजात तासिकेवर कॉम्प्युटर शिकवायला लागलो होतो आणि रोजच्या पॅसेंजरला कंटाळून खोली शोधत होतो. टॉर्च मारून पाहिलं. पंखा होता, मेमरीची पट्टी होती, पॉवर सप्लाय होता, कोपऱ्यात पालीची अंडी होती.

"हार्डडिस्क नाही," मी म्हणालो.

"काहून नाई?"

"चोरीला गेली?"

"नापास," चाचा म्हणाले. "पण तुह्या पयले एक आल्ता, तो म्हने इथंच कुठं लपून असन. त्याच्यापेक्षा तू बरा. जाय वरते, खोली पाय. नळ टपकते, आतापासूनच सांगून ठेवतो."

चाचा मूळचे मूर्तिजापूरचे. वडील तिथून निघणाऱ्या छोट्या शकुंतला गाडीवर कामाला होते. चाचांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टेप, मग टीव्ही. आणि लोक दुरुस्त करायचं सोडून सरळ नवा टीव्ही घ्यायला लागले तेव्हा ते कॉम्प्युटरकडे वळले. पन्नाशी उलटलेली, अंगात बनियन आणि चौकडीची लुंगी, चष्म्याच्या एका काडीला सोल्डरिंगची तार गुंडाळलेली. जुन्या शहरातल्या त्या घराच्या बैठकीत त्यांनी नेटकॅफे काढला होता. मशीनं सगळी लिलावातली, भंगारातली, आणि एकाच्याही पोटात डिस्क नाही.

सुरुवातीला होत्या म्हणे. पण त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात अर्धा दिवस लाइटच नसायची. जायची ती न सांगता, यायची ती झटका देत. डिस्का आधी कर्र कर्र करायच्या, मग गप्प व्हायच्या. शेवटी कुठल्याशा मासिकासोबत चाचांना एक सीडी फुकट मिळाली. ती घालून मशीन सुरू केलं की अख्खी लिनक्स सिस्टीम त्या सीडीवरूनच चालायची, डिस्क असो की नसो. मशीन बंद केलं की केलेलं सगळं पुसलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा कोरं. पुस्तकात तिला लाइव्ह सीडी म्हणतात. चाचा म्हणायचे "जित्ती सीडी". त्यांनी उरल्यासुरल्या सगळ्या डिस्का उपटून चाचीच्या हवाली केल्या. चाचीने त्या फोडून आतली लोहचुंबकं काढली आणि पत्र्याच्या कोठीला चिकटवून त्यावर चाळण्या टांगल्या. इतकी जबर चुंबकं की चाळणी काढताना कोठी सरकायची.

सीड्या चाचा टिफिनच्या डब्यात ठेवायचे, वरच्या पुडात चालणाऱ्या, खालच्या पुडात ओरखडे पडलेल्या. खालचा पूड भरला की तो शेजारच्या मावशींकडे जायचा. मावशी माळ्याच्या, मोर्णा नदीच्या काठी त्यांचा भाजीचा मळा होता आणि पोपट मिरच्या ठेवत नव्हते. त्या मळ्यात काठ्याकाठ्यांना लिनक्स लटकलेली असायची. पोपट भ्यायचे की नाही कोण जाणे, पण मावशींचा विश्वास होता. "चाचाच्या शिडीत दम हाय," त्या सांगायच्या. त्या सीडीला शिडीच म्हणत.

प्रत्येक मशीनला नाव होतं, आणि ती नावं शकुंतलेच्या स्टेशनांची. लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर. अंजनगावची मेमरी मोठी होती. तिथे सुरुवातीला एक शब्द टाईप केला की सीडीवरचं सगळं मेमरीत उतरायचं, मग सीडी काढून दुसऱ्या मशीनला लावता यायची. बनोसाच्या आतला घड्याळाचा सेल मेलेला होता. त्यामुळे आधी सीडी बघायची की डिस्क, हे त्याला रोज सकाळी नव्याने शिकवावं लागायचं. नाहीतर ते नसलेली डिस्क शोधत बसायचं. गिऱ्हाइकं सरावली होती. "चाचा, मले अंजनगाव पाहिजे," पोट्टे यायचे तेच म्हणत. आणि चाचा सांगायचे, "अंजनगाव फुल हाय. बनोस्यावर बस. उशिरा निघते, पण पोचते."

मशीन सुरू झालं की आधी पडद्यावर एक यादी येते: काय चालवायचं ते निवडा. ही यादी एका साध्या फायलीत असते आणि ती आपल्याला हवी तशी लिहिता येते, हे चाचांना जेव्हा कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस दाढी केली नाही. त्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे म्हणून त्यांनी इंग्रजी अक्षरं वापरली, पण भाषा आपलीच:

काहून आला बे? काम सांग.
एक: नुसतं टायपिंग.
दोन: इंटरनेट. घरी सांगून आला का?
तीन: मशीन म्हातारी हाय, हळू चालव.
चार: मले काई समजत नाई.

चौथं दाबलं तरी पहिलंच सुरू व्हायचं. "ज्याले समजत नाई त्यानं टायपिंग शिकावं," असं चाचांचं म्हणणं. मागे शकुंतलेच्या इंजिनाचं चित्र होतं, पण तिथे रंग मोजकेच चालतात, त्यामुळे ते इंजिन गाभण म्हशीसारखं दिसायचं. काहीच न दाबता बसलं तर मशीन आपोआप पुढे जातं. किती वेळाने, तो आकडाही त्याच फायलीत असतो. चाचांनी तिथे असा आकडा टाकला होता की माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन यावा. ज्याला घाई असेल त्यानं दुसऱ्या कॅफेत जावं. बरेच जण जातही.

"सेव्ह" हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही. कोणी विचारलं, "चाचा, हे सेव्ह कुठं करू?" तर उत्तर ठरलेलं: "डोक्यात." पेनड्राइव्ह आणला असेल तर त्यांची हरकत नसे, आपलं गाठोडं आपल्याजवळ ठेवा, माझ्या घरात ठेवू नका, एवढंच. पूर्ण कॅफेत एकच अपवाद होता. चाचीच्या पेनड्राइव्हवर त्यांनी अशी सोय केली होती की मशीन बंद झालं तरी आतलं राहावं. कारण चाची दुपारी पत्त्यांचा खेळ खेळायची आणि तिचा विक्रम पुसला गेला तर रात्रीच्या वरणात मीठ नसायचं.

त्या वर्षांत अकोल्यात बाहेरचे पत्रकार फार यायचे. कापसाचे भाव पडलेले, गावोगाव माणसं जीव देत होती, आणि दिल्ली-मुंबईची मंडळी गाड्या करून खेड्यात जायची आणि संध्याकाळी बातमी पाठवायला आमच्यासारख्यांच्या कॅफेत बसायची. असाच एक जण पथ्रोटवर बसून खूप वेळ लिहीत होता. गळ्यात कॅमेरा, शर्टाला आठ खिसे. त्याचं संपत आलं आणि लाइट गेली. पेनड्राइव्ह त्याने लावलाच नव्हता.

आधी त्याला विश्वास बसेना. मग तो हिंदीत चिडला, मग इंग्रजीत. "यह कैसा कॅफे है? मेरी पूरी स्टोरी गई!"

चाचा शांतपणे मेणबत्ती शोधत होते. म्हणाले, "फिर से लिखो साहब. मी मागून वाचून राहिलो होतो. पयलं लिहिलं ते काई बरं नव्हतं."

"क्या मतलब?"

"तुमी लिहिलं, इथं नुसते लोक मरतेत. मरतेत ना, मी नाई कुठं म्हनतो? माह्या चुलतभावाचा पोट्टा गेला. पण त्याचं लिहा ना, तो क्रिकेटमंदी कसा खोटं खेळे, आउट झाला तरी बॅट सोडत नसे. तुमी त लिहिलं, एक किसान. एक किसान म्हंजे कोण? आमच्याकडे लग्नं बी होतेत, भांडणं बी होतेत, लोक उधळे बी हायेत."

पत्रकाराने गळ्यातला कॅमेरा काढून बाजूला ठेवला. लाइट येईपर्यंत चाचीने त्याला चहा दिला. मग तो पुन्हा बसला आणि यावेळी दर दोन ओळींनी चाचांना हाक मारायला लागला. चाचा उभ्याउभ्या सांगत होते, तो लिहीत होता. त्या पोराच्या बॅटबद्दल छापून आलं की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही.

सीड्यांच्या कटकटीला चाचा कंटाळले तेव्हा त्यांनी नवीन उद्योग सुरू केला: सगळी मशीनं वायरवरून सुरू करायची. एक मशीन मुख्य, त्याच्यात एकच जित्ती सीडी. बाकीची मशीनं जागी झाली की तारेवरून त्याच्याकडे मागणार. मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण करून पाहिलं नव्हतं. चाचांनी पुस्तक पाहिलं नव्हतं, त्यामुळे तेही माझ्याइतकेच अडले. आम्ही दोघांनी मिळून कितीतरी रविवार घालवले. कधी मशीनला पत्ताच मिळायचा नाही, कधी पत्ता मिळायचा पण पुढची फाइल सापडायची नाही, कधी सगळं मिळून मध्येच काळोख. एकदा पूर्ण दिवस शोधून चूक निघाली ती अशी की फायलीच्या नावात मी एक अक्षर मोठं टाकलं होतं. चाचांनी मला काही म्हटलं नाही, फक्त चाचीला आतून हाक मारून सांगितलं, "मास्तरले आज भाजी कमी वाढ."

जमलं तेव्हा मात्र ते गल्लीतल्या सगळ्यांना समजावत फिरले. "पाय, सोपं हाय. मशीन सकाळी उठते अन् तारेवर हाक मारते, कोणी हाय का? जंक्शन म्हनते, हाय ना. हा घे तुहा नंबर, हे घे गाठोडं, निघ." मुख्य मशीनचं नाव अर्थातच मूर्तिजापूर. सगळ्या गाड्या तिथूनच सुटतात.

प्रश्न एकच होता, मूर्तिजापूर ठेवायचं कुठे. बैठकीचं छत गळायचं, माझ्या खोलीत नळ टपकायचा. घरात कोरडी जागा एकच, स्वयंपाकघर. म्हणून ते ज्वारीच्या कोठीशेजारी बसलं, त्या चुंबकांपासून जरा दूर. आणि तिथून चाचीच्या हातात कॅफेची नाडी गेली.

चाचा कोथिंबीर आणायला विसरले की चाची एक वायर ओढायची. बास. बैठकीतली सगळी मशीनं जागच्या जागी थिजायची, माउस हलायचे नाहीत, आणि चाचा कपाळावर हात मारून ओरडायचे, "गाडी रुकली! भाऊ, कोणी तरी कोथमीर आणा बे!" आणि गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी खरंच उठून जायचा. नोकरीचा अर्ज अर्धवट राहिलेला माणूस कोथिंबिरीसाठी किती वेगाने धावतो, हे मी तिथे पाहिलं.

कॅफेच्या दारावर बोर्ड होता, लाल अक्षरांत: "लाइट गेली तरी चालू." इन्व्हर्टर आणि एक मोठी बॅटरी होती, तीन-चार मशीनं तिच्यावर निघायची. पत्रकाराच्या दिवशी ती चार्जिंगअभावी बसली होती. चाचांना तो दिवस आठवलेला आवडत नसे. त्या बोर्डावर त्यांचा जीव होता. रंगाऱ्याकडून त्यांनी तो स्वतः उभं राहून रंगवून घेतला होता, "चालू"च्या खाली दोन रेघा मारायला लावून.

मग ती भानगड झाली.

शहरातल्या एका पुढाऱ्याला कोणीतरी ई-मेल पाठवली. त्यात शिव्या होत्या आणि घर उडवून देईन अशी धमकी होती. आमच्या भागातल्या कुठल्यातरी कॅफेतून ती सोमवारी दुपारी गेली, एवढं पोलिसांना कळलं. त्यांनी एकेक कॅफे घ्यायला सुरुवात केली: डिस्क काढा, द्या. सगळ्यांनी दिल्या. मग जीप चाचांच्या दारात आली.

मी कॉलेजात होतो. चाचीने कॉलेजच्या शिपायाकडे फोन करून बोलावलं, "मास्तर, तुमारे चाचा को ले जा रहे, जल्दी आव." मी पोचलो तेव्हा बैठकीत सगळी झाकणं उघडी पडली होती. इन्स्पेक्टर तरुण होता, घाटावरचा, नुकता बदलून आलेला.

"डिस्का कुठे लपवल्या?" तो विचारत होता.

"साहेब, नाईच त लपवू काय?"

"मग हे चालतं कसं?"

"जंक्शनवरून."

"जंक्शन कुठे आहे?"

"चुलीजवळ."

इन्स्पेक्टरने हवालदाराकडे पाहिलं. हवालदार इथलाच होता, त्याने मान खाली घातली. सगळे आत निघाले. दारात चाची आडवी उभी. "जूते बाहर. ये रसोई है." साहेबांनी बूट काढले. पायमोज्याला अंगठ्याशी भोक होतं, त्यामुळे की काय, पुढचं सगळं ते जरा चढ्या आवाजात बोलले.

मूर्तिजापूर उचललं गेलं, चाचाही. मागे रिक्षाने मी. ठाण्यात चाचांनी सांगितलं, तुमच्याच मशीनवर चालवून दाखवतो. ठाण्याचा कॉम्प्युटर आणि मूर्तिजापूर यांच्यात त्यांनी तार लावली, आधी तारेवर बघ असा क्रम बदलला आणि मशीन चालू केलं. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. काळ्या पडद्यावर अक्षरं धावली, मग ती गाभण म्हैस आली, आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरांत: काहून आला बे? काम सांग.

साहेबांनी पडद्यावर बोट फिरवत ते दोनदा वाचलं.

"हे कोणाला उद्देशून आहे?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यायले साहेब. आमी भेदभाव करत नाई."

हवालदार पाणी प्यायला बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

पण हसण्यासारखं तिथेच संपलं. मशीन बिनडिस्कचं चालतं, हे साहेबांना पटलं. आणि त्यामुळेच गाडी अडली. "म्हणजे तुमच्याकडे कोण आलं, काय केलं, काहीच राहत नाही?"

"नाई."

"सोमवारी दुपारी कोण बसलं होतं?"

"मालूम नाई."

"मग तुमच्याकडून गेली नाही हे तुम्ही कशावरून सांगता? बाकी सगळ्यांनी डिस्का दिल्या. तुम्ही असं मशीन बांधलंय की पुरावाच उरू नये. का बांधलंत?"

चाचांनी डिस्का कशा मरतात ते सांगितलं. लाइटीचं सांगितलं. साहेब ऐकत होते, पण त्यांची नजर वेगळं मोजत होती. मी मध्ये बोललो तर मला बाहेरच्या बाकावर बसवलं. सोमवारी दुपारी मी कॉलेजात होतो, त्यामुळे ठाम सांगण्यासारखं माझ्याकडेही काही नव्हतं. दारातून मला चाचा दिसत होते. इतका बडबड्या माणूस, पण हळूहळू त्यांची वाक्यं लहान होत गेली. लुंगीवरच आले होते. ती ते सारखी गुडघ्यांवर ओढत होते. नाव दुसरं असतं तर एवढा वेळ बसवलं असतं का, हा प्रश्न तिथल्या भिंतींनाही पडला असेल. मी तो मोठ्याने विचारला नाही. चाचांनीही नाही.

"सोमवारी दुपारी कॅफे चालू होता?" साहेबांनी शेवटी विचारलं.

चाचांनी लुंगी पुन्हा गुडघ्यांवर ओढली. मग म्हणाले, "माहा कॅफे बंद नसते साहेब. बोर्ड लावला हाय."

"म्हणजे चालू होता. लिहून घ्या."

तेवढ्यात बाहेर आवाज आला. चाची बुरखा सावरत येत होती आणि तिच्यापुढे मावशी, डोक्यावर टोपलं तसंच. बाजारातून उठून आल्या होत्या. पहाऱ्यावरच्या शिपायाने अडवलं, तर त्यांनी टोपलं त्याच्याच हातात दिलं आणि आत शिरल्या.

"काय बाप्पा चाचा, सांगून काहून नाई राहिले तुमी?"

चाचा म्हणाले, "मावशी, तू घरी जाय."

"नाई जात. साहेब, सोमवारी माह्या पोरीचं लग्न होतं. दुपारची लाइट गेल्ती. भोंगा बंद, मंगलाष्टक कोणाले ऐकू येत नाई. तवा या मानसानं आपली बॅटरी सायकलवर घालून माह्या मांडवात आणून देल्ली. यायच्या घरी त अंधार होता, मशीन कशावर चालन?"

"आणि हे कुठे होते?" साहेबांनी चाचांकडे बोट केलं.

"बुंदी वाढून राहिले होते, आन् कुठं? दोन पंगती वाढल्या. विचारा माह्या व्याह्याले, त्याले तीनदा वाढली."

साहेबांनी वीज कार्यालयाला फोन लावला. सोमवारी दुपारभर चाचांच्या गल्लीच्या लाइनवर लाइट नव्हती. फोन ठेवून ते चाचांकडे वळले.

"हे तुम्ही दुपारपासून का नाही सांगितलं?"

चाचा मान खाली घालून म्हणाले, "बोर्डावर लिहिलं हाय, लाइट गेली तरी चालू."

"बोर्डासाठी तुम्ही आत जायला तयार होता?"

"दोन रेघा मारल्या साहेब त्याच्याखाली."

चाची तिथेच, ठाण्याच्या मधोमध, जे बोलायला लागली ते मी लिहू शकत नाही. त्यातलं छापण्यासारखं एवढंच होतं की अशा माणसाला घेऊन जायची मला इच्छा नाही, ठेवा इथंच. साहेबांनी घाईघाईने चाचांना सोडलं. मूर्तिजापूर मात्र तपासणीसाठी ठेवून घेतलं. ई-मेल पाठवणारा नंतर सापडला, तो त्या पुढाऱ्याचाच पुतण्या निघाला. आणि सापडल्यावर ते प्रकरण मिटवलं गेलं, कारण घरचाच होता.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. बोर्डावर आता होतं: "लाइट असली त चालू."

मला वाटलं, झालं, सुटले. पण तसं नव्हतं. मूर्तिजापूर परत यायला बरेच दिवस लागले आणि तोवर गिऱ्हाईक फुटलं होतं. पोलीस येऊन गेलेल्या घरात कोण पोरांना पाठवेल? सकाळी चहाला सोबत बसणारे दोघेजण रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. चाचा बैठकीत बसायचे, पण बनियनवर नाही. शर्ट घालून, वरचं बटण लावून. रस्त्यावर खाकी रंग दिसला, मग तो पोस्टमन का असेना, ते उठून उभे राहायचे.

एका दुपारी मी अंजनगाव सुरू केलं आणि दचकलो. म्हैस गायब. पडदा साधा निळा, आणि त्यावर शुद्ध इंग्रजीत: स्वागत आहे, कृपया पर्याय निवडा. वाट पाहायचा आकडाही लहान केलेला. वाचून होईस्तोवर मशीन आपोआप पुढे गेलं.

"चाचा, हे काय?"

"बरोबर हाय ते. सरकारी मानूस येते, शिकलेला मानूस येते. सभ्य पाहिजे."

"तुम्हाला सभ्य कोणी म्हटलंय?"

ते हसले नाहीत. चाची आतून म्हणाली, "मास्तर, मत छेडो." त्या दिवसांत तिने एकदाही वायर ओढली नाही. कोथिंबीर आणायला चाचा विसरतही नव्हते.

उन्हाळ्यात मला अमरावतीला पूर्णवेळ नोकरी लागली. खोली सोडायची म्हणताच चाचांनी फक्त मान हलवली. जायच्या दिवशी सकाळी चाचीने वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या आणि चाचा स्टेशनवर पोचवायला आले, शर्ट घालून. रिक्षात माझी बॅग त्यांनी मांडीवर धरली होती. माझी गाडी लागलेली होती. मी खिडकीपाशी जागा धरली, ते प्लॅटफॉर्मवर खिडकीशी उभे राहिले. 

"जेवत जाय टायमावर," ते म्हणाले.

"हो."

"अन् फायलीचं नाव लहान अक्षरात लिहीत जाय."

"हो चाचा."

प्लॅटफॉर्मवर कुठल्याशा जाहिरातवाल्याने खांबावर टीव्ही लावला होता. एरवी त्यावर साबण आणि कोचिंग क्लास दिसायचे. आज काळा पडदा होता आणि पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर: सिस्टीम सापडली नाही, कोणतीही कळ दाबा. खाली बरेच प्रवासी माना वर करून उभे होते. एका म्हाताऱ्याने चाचांना विचारलं, "भाऊ, काय लिहून हाय? गाडी लेट हाय का?"

चाचांनी मान वळवून वाचलं. पुन्हा वाचलं. मी पाहत होतो, त्यांचा हात आपोआप वरच्या बटणाकडे गेला आणि त्यांनी ते काढलं.

"लेट नाई बाबा. त्याची डिस्क मेली. कधीचा कळ दाबा म्हनून राहिला, अन् कोणी दाबून नाई राहिलं!"

ते तरातरा गेले आणि टीव्हीखालच्या बाकावर चढले. टीव्हीच्या मागे त्याच्या कॉम्प्युटरची लोखंडी पेटी होती, तिला कुलूप. चाचांनी पेटी खडखडवली. गर्दी वाढली. गर्दी पाहून रेल्वे पोलीस आला, काठी आपटत.

"ए चाचा! खाली उतर! काय चाललंय?"

 मी खिडकीतून अर्धा बाहेर झुकलो. मला वाटलं, आता हे बाकावरच ताठ उभे राहतील, हात जोडतील.

चाचांनी वरूनच वळून पाहिलं. "उतर काय उतर? किल्ली कोणाजवळ हाय याची? आन जाय! एवढे लोक गाडी लेट हाय समजून राहिले, अन् तू काठी घेऊन फिरून राहिला बे!"

पोलिसाने काठी काखेत धरली. लोक हसले. म्हातारा म्हणाला, "खरं हाय ना, आना किल्ली." पोलिसाने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा चाचांकडे, आणि पुटपुटत स्टेशन मास्तरच्या खोलीकडे निघाला. माझी गाडी हलली. चाचा बाकावर उभे, हात पेटीवर, आपण मला पोचवायला आलोय हे साफ विसरलेले. मग त्यांना मी दिसलो, सरकत्या खिडकीत.

"मास्तर!" ते ओरडले. "तू कुठं चालला? उतर, उतर! दोन जणाचं काम हाय हे!"

नोकरीवर हजर व्हायचं होतं ते दुसऱ्या दिवशी. मी बॅग उचलली आणि उतरलो.